चाकांच्या स्टुलावर बसण्यापूर्वी

वडिलांना 75 वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी मी त्यांना चाके लावलेले एक बैठे स्टूल भेट दिले. घराच्या पोर्चमध्ये त्यांची जुनी चेतक स्कूटर उभी असते आणि रविवारची सकाळ तिच्या शेजारी घालवणे हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम आहे. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, कार्ब्युरेटर उघडून धुवायचा, क्लचची केबल ओढून पाहायची. ही सारी कामे ते उकिडवे बसून करीत आणि उठताना गुडघ्यांवर हात रोवून काही क्षण तसेच वाकून थांबत. भौतिकोपचाराच्या व्यवसायात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या मला ते पाहवत नसे. स्टूल घरी आले तेव्हा आम्हां सर्वांना हायसे वाटले.

तिसऱ्याच आठवड्यात ते पडले. काम चालू असताना मुळीच नव्हे. कोनाड्यातला पाना घेऊन ते परत बसायला आले आणि मांडी टेकते न टेकते तोच स्टूल मागे सरकले. तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. स्टुलात काही दोष नव्हता, चाकांनी आपले काम चोख बजावले होते. चूक माझी होती. बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार मी केला होता. बसायला येणाऱ्या आणि उठू पाहणाऱ्या माणसाचा केला नव्हता.

वाचकहो, हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, अशी स्टुले आता सर्वत्र सहज मिळतात आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती कौतुकाने आणली जातात. कोणी स्कूटर वा सायकल दुरुस्त करतात, कोणी मोटार धुतात, कोणी कुंड्यांतली माती खालीवर करतात. उकिडवे बसले की गुडघ्याच्या वाटीमागे फार मोठा दाब येतो. संधिवात असलेल्यांना तो सोसत नाही आणि गुडघ्याचा सांधा बदललेल्यांना तसे न बसण्याची सूचना बहुधा दिलेलीच असते. तेव्हा बैठक हवी, याविषयी दुमत नाही. ती कोणती, हा प्रश्न आहे.

प्रथम उंची पाहा. काम करताना जी पादत्राणे घालता ती घालून खुर्चीवर बसा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या. मध्यम उंचीच्या माणसात ते सुमारे 16 ते 17 इंच भरते. बैठक निदान तेवढी उंच असावी. मांड्यांचे स्नायू अशक्त असतील तर त्याहून 2 ते 3 इंच अधिक. गॅरेजमधील कारागिरांसाठी केलेली स्टुले मात्र बहुधा 14-15 इंचांची असतात, कारण त्यांना चाकाच्या पातळीवर काम करायचे असते आणि त्यांचे वय 25 असते. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यांवर आणि खुब्यांवर भार अधिक. दोन-तीन इंचांच्या फरकाने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पाटावरून आणि एकदा जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठून पाहावे.

याच प्रयोगाचे एक शास्त्रीय रूप आमच्या व्यवसायात वापरले जाते आणि ते घरी करता येते. 17 इंच उंचीची, हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. शेजारी कोणीतरी उभे असावे. छातीत वा गुडघ्यात दुखू लागले किंवा गरगरले तर लगेच थांबावे. 70 ते 74 या वयोगटात पुरुषांना 12 आणि स्त्रियांना 10 वेळांहून कमी जमले, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा अधिक मानतात. हाताचा आधार घेतल्यावाचून एकदाही उठता आले नाही, तर गुण शून्य. अशा व्यक्तीने चाकांच्या स्टुलाचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगते. वडिलांची ही चाचणी मी घेतली ती प्लास्टर निघाल्यानंतर. आधी घेतली असती तर ती भेट दिलीच नसती.

ज्यांचे पाय बळकट आहेत त्यांनी चाकांचे स्टूल घेण्यास हरकत नाही, पण ते पारखून घ्यावे. पाच पायांचे घ्यावे, चारांचे नव्हे. घेर तेवढाच असला तरी पाच पायांच्या बैठकीत दोन चाकांमधील मोकळी जागा कमी असते, त्यामुळे बाजूला झुकल्यावर ती सहज उलटत नाही. आणि पान्याला जोर लावताना माणूस बाजूलाच झुकतो. ब्रेक असलेली चाके निदान दोन तरी असावीत आणि ती पायाच्या अंगठ्याने लावता यावीत. वाकून हाताने लावावा लागणारा ब्रेक दुसऱ्या दिवसापासून कोणी लावत नाही. काही खुर्च्यांच्या चाकांत, वर वजन नसताना आपोआप अडकणारा ब्रेक असतो. बसायला येणाऱ्याखालून ती पळत नाहीत. याच्या उलट, वजन पडल्यावर अडकणारीही चाके असतात. दुकानदाराला हा फरक विचारावा आणि त्याने दिलेल्या उत्तरावर न विसंबता रिकामी बैठक हाताने ढकलून पाहावी. आपल्याला हवी ती रिकामी असताना न हलणारी.

जमीनही पाहिली पाहिजे. कडक प्लॅस्टिकची बारीक चाके शहाबादी फरशीच्या सांध्यात किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात आणि बैठक थांबली तरी माणूस पुढे जातो. गुळगुळीत टाइल्सवर तीच चाके बर्फावर घसरावी तशी घसरतात. मोठी, मऊ आवरणाची चाके दोन्हीकडे बरी. पोर्चला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, हे आपण विसरतो; तो नजरेला दिसत नाही, पण चाकांना कळतो. अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, तेथील घरांना जोडून असलेल्या गॅरेजची जमीनही बहुधा दाराकडे किंचित उतरती असते. वेळ घालवायला म्हणून गॅरेज आवरायला घेणारे कित्येक आजोबा माझ्या परिचयाचे आहेत.

आता त्या दुसऱ्या वस्तूविषयी. चाके लावलेली लांब फळी, जिच्यावर उताणे पडून मोटारीखाली सरकता येते, तिला क्रीपर म्हणतात. आपल्याकडचे कारागीर पोते किंवा पुठ्ठा अंथरून तेच काम करतात. साठी उलटलेल्यांनी ही फळी घेऊ नये, असे माझे मत आहे, आणि ते थोडे कठोर वाटले तरी मी बदलणार नाही. उताणे पडून मान मागे टाकणे आणि वर पाहणे, ही कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या विकारात भोवळ आणणारी नेमकी स्थिती आहे. मानेचा स्पाँडिलोसिस असेल तर हातांना मुंग्या येतात. शिवाय आडवे पडून एकदम उठल्यावर रक्तदाब घसरतो. रक्तदाबाच्या गोळ्या आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या यांनी ही घसरण अधिक होते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही तपासून घ्यावा लागतो, आणि मोटारीखाली डोके आपटत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

मोटारीखाली पाहायचेच असेल, कोठून तेल गळते एवढेच शोधायचे असेल, तर मोबाइल सेल्फी काठीला लावून खाली सरकवावा आणि चित्रफीत काढावी. नातवंडे हे काम हौसेने करतात. गाडीबरोबर मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कोणीही, कोणत्याही वयात, हातसुद्धा घालू नये. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, हेही याच ओघात सांगून टाकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काळजी घेणाऱ्यांशी मला दोन शब्द वेगळे बोलायचे आहेत. वडील पडल्यानंतर आम्ही भावंडांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली. आमचा हेतू चांगलाच होता. पण प्लास्टर निघून दोन महिने झाले तरी ते रविवारी सकाळी उशिरापर्यंत अंथरुणातच राहू लागले, चहा निवून जाई, पेपर उघडलेला नसे. हाताचे व्यायाम मी शिकवीत होते ते कंटाळून करीत. मनगटाला बळ यायला हवे होते ते पाना फिरवून आपोआप आले असते, हे मला, माझ्या व्यवसायाला, उशिरा सुचले. मनाई करणे सोपे असते, पण तिची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही.

म्हणून काम न थांबवता कामाची जागा बदलावी. कुंड्या जमिनीवरून उचलून कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवाव्यात. सुटे भाग काढले की ते खाली बसून न घासता टेबलावर वर्तमानपत्र पसरून घासावेत. हत्यारे रांगेत, बसल्या जागी हाताशी असावीत, म्हणजे उठबस कमी होते. मात्र अर्ध्या तासाने मुद्दाम उठून चार पावले चालावे. चाक काढणे, जड भाग उचलणे ही कामे मेकॅनिककडे द्यावीत. मोबाइल खिशात असावा, कोनाड्यात नव्हे, आणि घरात कोणी नसताना काम सुरू करू नये. पडल्यावर घाईने ओढून उठवू नये, हेही लक्षात असू द्या. दुखापत नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर भार घेऊन हात-गुडघ्यांवर यावे, समोर भक्कम खुर्ची धरून एक पाऊल पुढे रोवावे आणि मगच उठावे. ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांनी मदत येईपर्यंत बसून राहावे.

आमच्या घरी अखेर असे झाले. नेहमीच्या सुताराकडून 18 इंच उंचीचे, रुंद पायांचे साधे लाकडी स्टूल करून घेतले. चारही पायांखाली रबराचे बूच ठोकले. स्कूटरच्या शेजारच्या भिंतीत, बसल्या जागी हात पोहोचेल अशा बेताने, न्हाणीघरात बसवतात तसा एक स्टीलचा दांडा पक्का बसवून घेतला. बसण्यापूर्वी डाव्या हाताने दांडा धरायचा, दोन्ही पायांच्या मागच्या बाजूंना बैठक लागली की मग खाली यायचे. पहिले काही दिवस मी मोठ्याने सांगत असे, ते कुरकुरत. आता सांगावे लागत नाही. इतक्या उंचीवरून प्लगपर्यंत हात पोहोचत नाही, अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा प्लगच्या पान्याला लांब दांडा जोडून घेतला.

चाकांचे ते स्टूल माळ्यावर आहे. किल्ली पुन्हा वडिलांच्या खुंटीला आहे. स्कूटर अजूनही पहिल्या किकला सुरू होत नाही आणि त्याबद्दल ते दर रविवारी प्लगलाच दोष देतात.