विश्लेषण : श्वासावरून कर्करोग ओळखणारे ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ किती भरवशाचे?

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘एमक्यू-३’ हा गॅस सेन्सर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्यांच्या हा ओळखीचा. श्वासाच्या वासावरून कर्करोग ओळखू पाहणाऱ्या ‘ई-नोज’ची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाकाची सुरुवातही अशाच जातीच्या सेन्सरपासून झाली. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठाच्या कृष्णा पर्सॉद आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ मध्ये मोजके अर्धवाहक सेन्सर एकत्र जोडून वासांमधला फरक ओळखता येतो, हे दाखवले होते. मग असे यंत्र दवाखान्यात का दिसत नाही?

यंत्राला वास कसा येतो?

सेन्सरमधल्या तापलेल्या टिन ऑक्साइडच्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटलेला असतो. अल्कोहोलची वाफ आली की हा ऑक्सिजन खर्ची पडतो आणि थराचा विद्युतरोध उतरतो. मात्र एकच सेन्सर अनेक वायूंना प्रतिसाद देतो. त्यामुळे वेगवेगळे सेन्सर एकत्र बसवून त्यांच्या आकड्यांचा नमुना संगणकाला शिकवला जातो. कर्करोगाच्या पेशींचा चयापचय वेगळा असल्याने श्वासातील रसायनेही बदलतात, हे यामागचे गृहीतक.

अडते कुठे?

वाहतूक पोलिसांच्या ब्रेथ ॲनालायझरला एकच पदार्थ शोधायचा असतो, तोही चांगल्या प्रमाणात. कर्करोगाशी जोडली जाणारी रसायने श्वासात बहुधा अब्जात काही भाग इतकीच असतात. शिवाय त्यातले एकही फक्त कर्करोगाचे नाही. लसणाची चटणी, मिश्री, तंबाखू, मधुमेह, अगदी श्वासातला दमटपणाही आकडे हलवतो. स्वस्त सेन्सरचे वाचन काळानुसार सरकते, ते वेगळेच.

खरी मेख मात्र गणितात आहे. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतील होसाम हाइक यांच्या गटाने १,४०४ जणांच्या श्वासावरून १७ आजार ८६ टक्के अचूकतेने वेगळे केले. हे संशोधन २०१७ मध्ये ‘एसीएस नॅनो’त आले. काम मोठेच, पण त्यात ८१३ जण आधीच निदान झालेले रुग्ण होते. रस्त्यावरच्या गर्दीत निम्म्याहून अधिक लोक आजारी नसतात. समजा, १० हजार लोकांत ५० जणांना कर्करोग आहे आणि यंत्र रुग्ण व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते. ते ४५ रुग्ण पकडेल, पण ९९५ निरोगी लोकांनाही ‘संशयित’ ठरवेल. त्यांचे सीटी स्कॅन, बायोप्सी, सुट्ट्या आणि झोप यांचा हिशेब कोण करणार? आणि ज्या पाच रुग्णांना यंत्राने ‘ठीक’ म्हटले, ते तोंडातला चट्टा अंगावर काढत राहतील.

तोवर काय?

सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी केली जाते. या साध्या पद्धतीचा पुरावा मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख महिलांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित आरोग्यसेविका होत्या आणि साहित्य होते कापूस, दिवा आणि पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल.