नोंदीतल्या फाइलला इग्नोर लागू होत नाही

गिटमध्ये एखाद्या फाइलचे बदल कमिटबाहेर ठेवायचे असतील, तर ती फाइल गिटच्या नोंदीत आहे का, हे आधी पाहावे लागते. नसेल तर ‘डॉट गिटइग्नोर’मध्ये तिचे नाव घातले की पुरते. ही यादी स्वतःही कमिट होते, म्हणून तिच्यात सगळ्या टीमला लागू पडणारेच नियम असावेत. एकट्याच्या एडिटरने निर्माण केलेल्या फाइलींची जागा ‘डॉट गिट’ फोल्डरातल्या ‘इन्फो/एक्सक्लूड’मध्ये आहे, ती फाइल कोणाकडे पुश होत नाही.

गोंधळ होतो तो आधीच कमिट झालेल्या फाइलबाबत. कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पत्ता प्रत्येक जण आपल्या मशीनपुरता बदलतो, मग तिचे नाव इग्नोर यादीत घालतो, तरी ‘गिट स्टेटस’ ती दाखवतच राहते. कारण ती यादी फक्त नोंदीत नसलेल्या फाइलींसाठी असते. अशा वेळी ‘अपडेट-इंडेक्स’चा ‘अझ्यूम-अनचेंज्ड’ हा पर्याय सर्रास सुचवला जातो. हा सल्ला चुकीचा आहे. संथ फाइल सिस्टिमवर तपासणीचा वेळ वाचावा, म्हणून ‘ही फाइल बदलणार नाही’ अशी हमी वापरणाऱ्याने गिटला देण्याची ती सोय आहे. हमी देऊन फाइल बदलणे म्हणजे गिटला खोटी माहिती देणे. ‘स्किप-वर्कट्री’ही मुळात स्पार्स चेकआउटसाठी आहे. शिवाय दोन्ही खुणा त्या एका क्लोनपुरत्याच राहतात. दुसऱ्या कोणी तीच फाइल बदलली की पुल अडतो, आणि तोवर खूण केल्याचा विसर पडलेला असतो. ‘गिट एलएस-फाइल्स -व्ही’ने अशा खुणा शोधता येतात. नोंदीतल्या फाइलचे बदल दुर्लक्षित करण्याची सोय गिटमध्ये नाही, हे गिटच्या अधिकृत दस्तऐवजातही नमूद आहे.

टिकाऊ उपाय म्हणजे नमुना फाइल कमिट करणे आणि खरी कॉन्फिग प्रत्येकाने तिच्यावरून बनवून इग्नोर यादीत ठेवणे. जुनी फाइल ‘गिट आरएम --कॅश्ड’ने नोंदीतून काढता येते. मात्र तो कमिट पुल करणाऱ्या सहकाऱ्यांच्या डिस्कवरून ती फाइल पुसली जाते, म्हणून त्यांना प्रत काढून ठेवायला आधीच सांगावे.

फाइल नोंदीतून गेली तरी जुन्या कमिटमध्ये राहतेच. तिच्यात पासवर्ड असेल आणि तो पुश झाला असेल, तर पहिल्यांदा पासवर्ड बदलावा. ‘फिल्टर-रिपो’ने इतिहास साफ करणे हे त्यानंतरचे काम.