हळद डब्यात असू दे, जखम डॉक्टरांना दाखवा

गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या ओपीडीत एक मावशी आल्या. पदर तोंडावर धरलेला. गालाच्या आतल्या बाजूला जखम, कडा कडक, चार महिन्यांची. तीस वर्षं मिश्री लावायची सवय. ‘‘मग इतके दिवस काय केलंत?’’ असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘हळद आणि जवसाचं तेल लावत होते की, डॉक्टर. हळदीनं कॅन्सर होत नाही म्हणतात. मोबाईलवर आलं होतं.’’

मावशींना मी रागावलो नाही. हळदीवरचा आपला विश्वास उगाच आलेला नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. हळद कॅन्सर रोखते की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच.

तो प्रश्न प्रयोगशाळेत मात्र कित्येक वर्षं विचारला जातोय. काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की पेशी मरतात. उंदरांमध्येही आशादायक निष्कर्ष दिसले आहेत. बातमी होते ती इथेच. पण बशीत पेशी साबणानेही मरतात. खरी अडचण पुढे आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण तीनच टक्के. त्यातलं आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, आणि जे जातं ते यकृत झटपट बदलून टाकतं. 2017 साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कर्क्युमिनचा सविस्तर आढावा घेतला. वेगवेगळ्या आजारांसाठी माणसांवर 120 हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. पण ज्यात कोणाला खरं औषध आणि कोणाला नुसती गोळी मिळाली हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत नसतं, अशा कडक चाचणीत कर्क्युमिन एकदाही यशस्वी ठरलेलं नव्हतं.

तेलांचीही गोष्ट वेगळी नाही. स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ऑलिव्ह तेल भरपूर खाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर कमी आढळला. 2015 साली याचा गाजावाजा झाला. पण 4,282 स्त्रियांमध्ये एकूण रुग्ण होते 35. एवढ्या आकड्यावर मी माझ्या रुग्णांना तेल बदलायला सांगणार नाही. लाकडी घाण्याचं शेंगदाणा किंवा करडई तेल चवीसाठी जरूर खा. कॅन्सरवरचा उपाय म्हणून दुप्पट पैसे मोजू नका.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, अशी अपेक्षा होती. 1994 साली निकाल आला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी 1996 च्या जानेवारीत मध्येच थांबवावी लागली. गाजर खाणं वेगळं आणि त्यातला एक घटक मोठ्या मात्रेत रोज गिळणं वेगळं. हळदीच्या कॅप्सूल, विशेषतः मिऱ्याचा अर्क घातलेल्या, घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आता आहेत.

वनस्पतींत औषध नसतं, असं मी म्हणत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्पटोथेसिन मिळतं. ते पहिल्यांदा चिनी झाडातून वेगळं करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. पण कॅम्पटोथेसिन आहे तसं देणं फार विषारी ठरलं. रसायनात बदल करून, मात्रा ठरवून, माणसांवर तपासून मगच त्यापासून औषधं तयार झाली. झाड ते औषध हा रस्ता तीस वर्षांचा होता.

काही जण म्हणतात, हळदीत कंपन्यांना पैसा नाही म्हणून कोणी तपासत नाही. त्यांना मी मुंबईचं उदाहरण देतो. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. साधन काय, तर व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक ॲसिड. ते गर्भाशयाच्या मुखाला लावलं की संशयास्पद भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगरचं पेटंट कोणाकडेच नाही. तरी तपासणी झाली, आणि स्वयंपाकघरातली वस्तू कसोटीला उतरली. हळदीलाही हीच कसोटी लावायची. आपली म्हणून तिला गुण वाढवून द्यायचे नाहीत.

मावशींना आम्ही कोल्हापूरला पाठवलं. ऑपरेशन झालं, जबड्याचा काही भाग काढावा लागला. पहिल्या महिन्यात आल्या असत्या तर कदाचित इतकं काढावं लागलं नसतं. हळदीने त्यांचं नुकसान केलं नाही, पण तिच्या भरवशावर चार महिने गेले आणि मिश्री चालूच राहिली.

म्हणून सांगतो. भाजी-आमटीत हळद घाला, आवडत असेल तर रात्री दुधातूनही घ्या. पण मिश्री, तंबाखू, गुटखा आजच सोडा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.