नांव आणि गांव

आमचें फर्दापूर लहान गांव. परंतु नांवांची गंमत समजण्यास यासारखें ठिकाण विरळा. जगप्रसिद्ध लेणीं आमच्या अगदीं जवळ, आणि अजिंठा गांव घाट चढून वर. तरी लेणीं अजिंठ्याचींच म्हणून ओळखलीं जातात. खाद्यपदार्थांच्या नांवांचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे.

मोसंबें घ्या. हें नांव आफ्रिकेंतील मोझांबिक देशावरून आलें, असें मानतात. परंतु मोसंबें ही गोड संत्र्याचीच एक जात, आणि त्या संत्र्याचें मूळ चीनकडील. डच भाषेंत त्यास 'चीनचें सफरचंद' अशा अर्थाचा शब्द आहे; उलट अरब व तुर्क यांच्या भाषांत त्याचें नांव पोर्तुगालवरून पडलें, कारण पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं त्याचा प्रसार केला. आणि आमच्या शेजारच्या जालन्याच्या मोसंब्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें! फळ एक, गांवें अनेक. तात्पर्य, नांव जन्मभूमि सांगतेंच असें नाहीं. पुष्कळदां फळ कोणाच्या हातून आलें, एवढेंच तें सांगतें.

यावर कोणी म्हणेल, मग गांवाच्या नांवाचा अभिमान कशाला? आमचें मत निराळें आहे. केळ मूळची आग्नेय आशियाकडील. पण घाटाखालच्या जळगांव जिल्ह्यांत, रावेर-यावलकडील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या खपून 'जळगांवचीं केळीं' हें नांव बाजारांत रूढ केलें. त्यांसही २०१६ सालींच मानांकन मिळालें. असें नांव जन्मानें मिळत नाहीं, तें श्रमानें मिळवावें लागतें. आणि जें श्रमानें मिळालें, तें दुसऱ्यानें फुकट वापरणें ही चोरीच होय.

ही चोरी नित्य घडते. परप्रांतींचा आंबा पेटींत भरून 'देवगड हापूस' म्हणून विकला जातो. गिऱ्हाईक फसतें हें खरेंच. परंतु अधिक नुकसान कोंकणांतील बागायतदाराचें होतें. त्याच्या कष्टांचा मोबदला दुसराच नेतो आणि बदनामी मात्र त्याच्या वाट्यास येते. हें टाळण्यासाठीं १९९९ सालीं कायदा झाला व २००३ पासून तो अमलांत आहे. पण कायदा प्रत्येक हातगाडीवर पाहारा ठेवूं शकत नाहीं. तेथें विकणाऱ्याची सचोटी आणि घेणाऱ्याची चौकसबुद्धि हींच उपयोगीं पडतात.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, ताटांत जें येतें तें कोठून आलें, हें घरीं अवश्य विचारा. पालकांसही आमची विनंति आहे, कीं माल विकतांना खरें गांव सांगावें, मग चार पैसे कमी आले तरी चालतील. आपल्या शिवारांत कापूस पिकतो, मका पिकतो. उद्यां एखाद्या उत्तम जिनसेस फर्दापूरचें नांव लागावें, अशी इच्छा असेल, तर आज दुसऱ्याच्या गांवाचें नांव आपण प्रामाणिकपणें राखलें पाहिजे.