बोट गाडीवाल्यांची, आणि गोडादऱ्याचा माणूस पायी!



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या गोडादऱ्यात गल्लोगल्ली एकच खल सुरू होतो. गावाकडची लग्नकार्ये उरकली, आता चार दिवस सौराष्ट्रात जाऊन यायचे. बगदाणा, कोळियाकचा निष्कलंक महादेव, जमले तर पुढे सोमनाथ. मग प्रश्न येतो : बसने जायचे, हजिऱ्याच्या बोटीने जायचे, की गाडी भाड्याने करायची?

मंडळाच्या सहलीचा विषय गेल्या बैठकीत निघाला आणि दहा मिनिटांत निकालात निघाला. सात आसनी आठ गाड्या करा, बोटीवर चढवा, पलीकडे उतरवा! टाळ्या पडल्या. आम्ही हात वर केला नाही. त्यावरून काही मंडळींनी आम्हाला 'लाल डब्याचे भक्त' अशी पदवी दिली आहे. पदवी मान्य आहे. पण हिशेब ऐकून घ्या.

आधी बोटीची बाजू. ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा-घोघा फेरीचे उद्घाटन झाले. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे ९० वर आले, दहा-बारा तासांचा प्रवास चार तासांत होणार, असे तेव्हा सांगण्यात आले. हे खोटे नाही. खंभातच्या आखाताला वळसा घालून भरूच, वटामण चोकडी करत जाणाऱ्याला हा वळसा काय असतो ते विचारा! सूरतेतल्या काठियावाडी बांधवांना या बोटीने मोठी सोय केली आहे, तिचे कौतुक आम्हीही करतो.

पण चार तास कुठून कुठपर्यंत? धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. गोडादरा शहराच्या पूर्वेला, हजिरा पश्चिमेला तापीच्या मुखाशी. म्हणजे अख्खे सूरत ओलांडल्यावर तुमचे चार तास सुरू होणार. त्याआधी वेळेपूर्वी पोहोचून थांबायचे. पलीकडे घोघा हे काही भावनगर नव्हे, आणि भावनगर म्हणजे काही सोमनाथ नव्हे. तिथून सोमनाथ अडीचशे किलोमीटरांहून जास्त आहे. बोटीचा खरा फायदा भावनगर परिसरापुरता. सोमनाथला जाणाऱ्याने चार तासांच्या जाहिरातीवर सुट्टीचा बेत आखला तर त्याची फजितीच होईल.

मागच्या दिवाळीत आम्ही घरचे सहा जण पायीच बोटीला गेलो. बोट छान, वारा छान, पोरे खूश. पण सकाळी धक्क्यापर्यंत जायला वेळेला जुळणारी बस आम्हाला सापडली नाही, दोन रिक्षा कराव्या लागल्या. पलीकडे उतरल्यावर गाडीवाले आपापल्या गाड्या घेऊन भुर्रकन निघून गेले आणि आम्ही पिशव्या घेऊन उन्हात उभे. तिथल्या रिक्षावाल्याने अडलेला माणूस ओळखला आणि तोंडाला येईल तो भाव सांगितला. सोबत शेजारचे आप्पा होते, लूम कारखान्यात तीस वर्षे काढलेले. ते म्हणाले, "भाऊ, हाई बोट गाडीवालासनी शे, आपली नही."

आप्पांचे वाक्य आम्ही घरी येऊनही विसरू शकलो नाही. उद्घाटनाच्या वेळचे आकडे आठवा : ३० ट्रक, १०० मोटारी, ५०० प्रवासी. पाचशे प्रवाशांची जागा आहे, हे महत्त्वाचे! मग त्या पाचशेंतल्या बिनगाडीच्या माणसाने धक्क्यावर पोहोचायचे कसे, याची काळजी कोणी करायची?

"म्हणूनच तर गाड्या करा म्हणतो," असे आमचे कार्यकर्ते म्हणतील. आता त्या गाड्यांकडे वळू. सीझनमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांची पाटी पांढरी असते. पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. ते भाड्याने चालवणे नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. शे-दोनशे वाचवण्यासाठी आपण बायकापोरांना कशात बसवतो आहोत? भाडे ठरवताना पाटी पिवळी आहे का, परमिट आहे का, हे विचारायची आपल्याला लाज वाटते. गाण्यांचा पेनड्राइव्ह आहे का, ते मात्र आधी विचारतो! शिवाय चालक. रात्रभर गाडी हाकून आलेला पोरगा सकाळी पुन्हा स्टिअरिंगवर. त्याला झोपू द्या म्हणणारा एकही जण त्या गाडीत नसतो, कारण 'दिवसाचे भाडे' चालू असते.

आणि आठ गाड्यांत चालक सोडून माणसे बसणार किती? अठ्ठेचाळीस. तेवढी माणसे एका मोठ्या बसमध्ये बसतात, बंधूंनो! आठ चालक, आठ टाक्यांचे डिझेल, बोटीवर आठ गाड्यांचे वेगळे भाडे. हा पैसा कोणाचा? बारा तासांची पाळी करणाऱ्याचा. सुट्टी घेतली की त्याची रोजी आधीच बुडते.

आमचा प्रस्ताव साधा आहे. भावनगर-कोळियाक-बगदाण्याला जायचे तर एक बस आपल्याला गोडादऱ्याहून हजिऱ्याच्या धक्क्यावर सोडेल, आपण सगळे पायी प्रवासी म्हणून बोटीत चढू, पलीकडे घोघ्याला दुसरी बस उभी असेल. बस कराराने देण्याची सोय एसटीकडे आहेच. सोमनाथला जायचे तर सरळ रात्रीची बस धरा, बोटीचा मोह सोडा. रेल्वेचे आरक्षण मिळत असेल तर मग वादच नाही. भाड्याची गाडी फक्त त्याने करावी ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, आणि तीही पिवळ्या पाटीची.

एक सावधगिरी मात्र हवी. समुद्र आपल्या सुट्टीचे वेळापत्रक पाळत नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जगातल्या मोठ्यांपैकी, भावनगरकडे तो दहा मीटरांच्याही वर जातो. कोळियाकचा महादेव ओहोटीलाच दर्शन देतो तो त्यामुळेच. गाळाचे दुखणेही जुने. तापीच्या मुखातल्या उथळ पाण्यामुळे इंग्रजांची जहाजे सुवाळीला नांगरत, १६१२ ची पोर्तुगीजांशी लढाई तिथेच झाली. आणि अगदी अलीकडचे पाहा : घोघा-दहेज फेरी २०१७ मध्ये वाजतगाजत सुरू झाली, पुढच्या वर्षी तिच्यावर गाड्याही चढल्या, आणि २०१९ मध्ये दहेजकडे गाळ साचून ती बंद पडली. तेव्हा फेरी रद्द झाली की खिडकीवरच्या कारकुनाशी भांडू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक माणसे घेऊन बुडाली, ती ऐन पावसाळ्यात. बोट थांबवणारा माणूस आपला वैरी नसतो.

कोकणात वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालते. तीत मोटारीही जातात आणि पायी माणूसही जातो. मोठी बोट वाईट नव्हे, तिला पायी माणसाच्या गावाशी जोडले पाहिजे एवढेच. गोडादरा २००६ मध्ये महानगरपालिकेत आले. घरपट्टी आपण तेव्हापासून भरतो. मग गोडादरा-लिंबायत-उधना करत हजिऱ्याच्या धक्क्यावर बोटीच्या वेळेला पोहोचणारी सिटी बस मागण्यात चूक काय? आणि घोघ्याला बोट लागल्यावर भावनगरची एसटी उभी हवी, हे मागायला कोणाची परवानगी लागते?

मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो मराठी असो की गुजराती, कोणत्याही झेंड्याचा असो, हे दोनच प्रश्न विचारा. बोटीचा फोटो दाखवून निघू लागला तर चहा द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका.

अर्ज तयार आहे. एक प्रत महानगरपालिकेसाठी, एक एसटीच्या विभागीय कार्यालयासाठी. मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सातनंतर सह्या घेतल्या जातील. ज्यांनी आठ गाड्यांसाठी हात वर केला होता, त्यांनीही यावे.