चोवीस तासांचा हिशेब

गेल्या मार्गशीर्षात कंग्राळीच्या आमच्या घरी एक पांढरा प्लास्टिकचा डबा आला आणि घरातील बोलण्याचालण्यास एक अवघडलेपण आले. पुतण्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीस परिचित झाला तो १९७५ साली, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जयप्रकाशजींवर हे उपचार सुरू झाले तेव्हा. आता तो आमच्याच ओसरीवर येऊन बसला होता.

मूत्रपिंड देण्यास मुलाची आई, म्हणजे आमच्या वहिनी, पुढे आल्या. १९९४ च्या कायद्याने आईला तसे देता येते. परंतु देणाऱ्याची स्वतःची मूत्रपिंडे भक्कम आहेत ना, हे आधी पाहावे लागते. त्यासाठीच्या अनेक चाचण्यांपैकी एक त्या डब्यात होती : दिवसभराच्या लघवीतील क्रिएटिनीन मोजण्याची.

क्रिएटिनीन हा स्नायूंच्या नित्य व्यवहारातून उरणारा टाकाऊ पदार्थ. तो रोज जवळजवळ सारखाच तयार होतो व मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून टाकतात. अल्कधर्मी द्रावणात पिक्रिक आम्लाशी त्याचा नारिंगी-तांबडा रंग होतो, हे १८८६ साली याफे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले. आजही अनेक प्रयोगशाळा त्या रंगाच्या गडदपणावरूनच त्याचे प्रमाण ठरवितात. एरवी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत रक्तातील प्रमाण, वय व लिंग यांवरून अंदाज बांधला जातो. परंतु निम्मे कार्य गेले तरी रक्तातील आकडा पुष्कळदा निर्दोष दिसतो. दात्याच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबून कसे चालेल?

वहिनींच्या रक्तात क्रिएटिनीन ०.८ निघाले, लघवीत ७६. दोन्ही दर १०० मिलिलिटरला मिलिग्रॅम. दिवसाची लघवी भरली ८६४ मिलिलिटर. दिवसाची मिनिटे १४४०, म्हणजे मिनिटास ०.६. गुणाकार-भागाकार केला की उत्तर ५७ : मिनिटास ५७ मिलिलिटर रक्तद्रव स्वच्छ होतो. निरोगी माणसात हा आकडा साधारणतः ९० च्या वर असावयाचा. त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही. पुतण्या एवढेच म्हणाला, "आई, आता राहू दे."

डॉक्टर मात्र वेगळ्याच आकड्याकडे पाहत होते. दिवसभरातील एकूण क्रिएटिनीन भरले होते अवघे ६५७ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या, शेतात राबणाऱ्या बाईचे ते नऊशेच्या पुढे हवे. त्यांनी हळूच विचारले, "काकू, डब्यात धरायचं कधी राहिलं का?"

वहिनींनी मान खाली घातली. "दोनदा. शेजारी बारसं होतं. चारचौघांत डबा घेऊन कुठं जाऊ?"

सूचनांचा कागद कन्नड व इंग्रजीत होता. वहिनी बाजारात कन्नड उत्तम बोलतात, वाचता मात्र येत नाही. आणि दीर तीस वर्षे मुलांना शिकवीत आलेला घरात असून त्याने तो कागद वाचून दाखविला नव्हता. लघवीचा विषय, वहिनींशी कसा काढावा, या आमच्या भिडेचीही ती किंमत होती.

दुसऱ्या खेपेस आम्ही डब्यावर स्वहस्ते मराठी चिठ्ठी चिकटविली : 'सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी. तेथून वेळ सुरू. पुढची प्रत्येक वेळची डब्यात. दुसऱ्या दिवशी सहाची शेवटची, तीही डब्यात. डबा गार जागी ठेवावा. एकदा जरी चुकले तरी सांगावे.' पहिली टाकावयाची हे का, असे वहिनींनी विचारले. ती आदल्या रात्रीची कमाई. ती धरली तर दुबळी मूत्रपिंडेही सबळ दिसतात, आणि दात्याच्या दृष्टीने ही चूक कमी भरण्याहून अधिक घातक.

त्या दिवशी वहिनी घराबाहेर पडल्या नाहीत. लघवी भरली १४४० मिलिलिटर, क्रिएटिनीनचे प्रमाण तेच, ७६. उत्तर आले ९५.

पुढील तपासण्या व समितीची परवानगी अद्याप व्हावयाची आहे. डबा परत देताना तेथील परिचारिकेने आमची चिठ्ठी अलगद सोडवून घेतली आणि अशा आणखी दहा लिहून द्याल का, असे विचारले. आम्ही वीस दिल्या.