अफवेची मोजदाद

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. ही अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती.

दस्तऐवज कोणी, कधी, कोणत्या हेतूने लिहिला, हे इतिहासात आपण विचारतोच. कोट्यवधी संदेशांची अशी चिकित्सा करण्यास मात्र संगणकाची मोजणी लागते. किरण गरिमेला व डीन एकल्स यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीचे भारतातील राजकीय व्हॉट्सॲप गट तपासले. त्यांत फिरलेल्या चित्रांपैकी सुमारे १३ टक्के आधीच खोटी ठरलेली होती. खोटे ओळखण्यास शिकविलेले यंत्र आशय बदलताच डळमळते, हेही त्यांनी नोंदविले. म्हणजे निवाडा अखेर माणसाचाच. मग तो करणाऱ्यांत आपली माणसे किती?

१९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आकड्यांनिशी मांडला. जालना जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरची आपली मुलेही केवळ मोजली जाऊ नयेत. ती मोजणारी व्हावीत. यासाठी शाळेत संगणकासोबत संख्याशास्त्र व साधनचिकित्सा यांचा तास हवा. अभियांत्रिकी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तो घ्यावा, हेच आमचे मागणे.